येफ्तामामा सहलीला येतो

स्वाकोपमुंड,
९ जानेवारी २००५

प्रिय येफ्तामामा,

टानी आपोलोनिया, मावशी म्हणून माझं एक काम करा, त्याचा चष्मा मोडलाय तर हे पत्र त्याला सावलीत बसवून वाचून दाखवा, आणि पहिलं वाक्य ऐकल्यावर त्याला दोन मिनिटं ओरडू द्या. मग पुढचं वाचा.

मामा, मला नोकरी लागली. पाहुण्यांना गाडीत घालून शहरामागच्या वाळूच्या टेकड्यांत न्यायचं आणि दुपारपर्यंत पाली, सरडे, भुंगे, साप, जे काही वाळूत दडलंय ते शोधून दाखवायचं. फेब्रुवारीअखेरपर्यंत मला पारखणार आणि मग ठेवायचं की नाही ते ठरवणार. मालक हार्टमुट म्हणून आहे. जन्म इथलाच, घरात जर्मन बोलतो, पायात बारा महिने अर्धी चड्डी. पहिल्या दिवशी त्याने विचारलं, "कुठे शिकलीस?" मी म्हटलं, "कुइसेब नदीच्या काठी, होमेबला, मामाच्या मागे चालत." तो म्हणाला, "प्रमाणपत्र?" मी म्हटलं, "मामा देत नाही."

तू रागावला आहेस हे मला माहीत आहे. नाराच्या काटेरी फळांचा हंगाम तोंडावर असताना मी निघून आले, आईच्या वाटणीची झुडपं तुझ्या गळ्यात टाकून आले. पण मी एकोणतीस वर्षांची झाले, मामा. फळं फोडून, उकळून, बिया वाळवण्यात माझे सगळे उन्हाळे जाणार असतील तर जाऊ देत, पण आधी मला हे एकदा करून बघायचं आहे.

एक अडचण आहे. इथली वाळू आपल्यासारखी लाल नाही, पिवळट आहे आणि समुद्राच्या धुक्याने सकाळी वरून ओली असते. पालीचं बीळ मला सापडेना. तू कसं ओळखतोस ते सांग.

चष्मा दुरुस्त करून घे. टानींना किती दिवस त्रास देणार?

तुझी भाची,
रिका

*

होमेब,
२० जानेवारी

फ्रीडेरिका दाउसास,

मी पूर्ण नावाने हाक मारतो आहे यावरून काय ते समज.

पाल बघायला लोक पैसे देतात? माझ्या घरात सात आहेत, त्यांना पाठव. जे जनावर आपण होऊन लपलं आहे त्याला उकरून काढायचं, त्याचे फोटो काढायचे आणि परत पुरायचं, हा काय धंदा झाला? तुझी आई असती तर तोंडावर हात धरून हसली असती.

इथे फळं पिकून पडताहेत आणि कोल्हे माझ्या आधी पोचताहेत. माणसाला भाची कशाला असते? एका महिन्यात आली नाहीस तर झुडपं मी यूटुसेबच्या त्या वाकड्या चुलतभावाला देऊन टाकीन. तो निदान उठतो तरी सूर्याबरोबर.

पालीचं बीळ मी सांगणार नाही. अक्कल असेल तर सापडेल.

मामा

(मी आपोलोनिया लिहिते आहे. वरचं सगळं त्याचं, शब्दाला शब्द. "तोंडावर हात" च्या आधी आणखी एक वाक्य होतं, ते मी लिहिलं नाही, मी चाळीस वर्षं शाळेच्या वसतिगृहात मुलींना सांभाळलं आहे. तुझं पत्र त्याने तीनदा वाचायला लावलं. प्रमाणपत्राच्या ठिकाणी तीनही वेळा हसला. पाकीट बंद करायच्या आधी उठून जाता जाता म्हणाला, "तिला लिही, बिळाच्या तोंडाशी वाळू अर्धचंद्रासारखी पडलेली असते, आणि दाणे बाकीच्यांपेक्षा कोरडे असतात, कारण ते खालून आलेले असतात." मग दाराला धडकला आणि गेला.

तसा तो बरा आहे. हल्ली जरा वेंधळा झाला आहे. रविवारी प्रार्थनेला सदरा उलटा घालून आला. कॉफीत दोनदा मीठ घातलं, आणि माझ्यासमोर बसून ती प्यायला, चेहरा न हलवता.)

*

स्वाकोपमुंड,
३ फेब्रुवारी

प्रिय मामा,

कोरडे दाणे! काल सकाळी धुकं उठल्या उठल्या सापडलं. हातभर उकरलं तर आत ती बसलेली, गुलाबी, काचेसारखी, कातडीतून पोटातलं दिसतंय, आणि जिभेने स्वतःचे डोळे चाटते आहे. एक म्हातारे गृहस्थ गुडघ्यांवर बसले आणि कितीतरी वेळ उठेचनात. त्यांच्या बायकोला वाटलं त्यांना काही झालं. मला विचारशील तर झालंच होतं.

सगळंच काही जमत नाही. सोमवारी मला चार तासांत फक्त भुंगे सापडले. हार्टमुटने कागदावर काहीतरी लिहिलं. तो लिहितो तेव्हा पेन्सिल फार दाबतो.

आता महत्त्वाचं. सदरा उलटा, कॉफीत मीठ, दाराला धडक, आणि हे सगळं कुणाच्या अंगणात, तर टानी आपोलोनियांच्या. येफ्तामामा, तू सदुसष्ट वर्षांचा आहेस. लाज वाटत नाही? चष्मा मोडला म्हणे! मला वाटतं तो चष्मा तू स्वतः मोडलास, म्हणजे रोज संध्याकाळी कुणीतरी शेजारी बसून वाचून दाखवेल. टानी, हा भाग मोठ्याने वाचा, आणि वाचताना त्याच्या कानांकडे बघा.

तर भांडण मिटवू या. गाडीत जागा उरली तर आम्हाला घरचं एक माणूस आणता येतं. एकोणीस तारखेला एक जागा रिकामी आहे. शाळेच्या पिकअपने वॉल्विस बेपर्यंत ये, तिथून मी घेते. माझा धंदा एकदा डोळ्यांनी बघ आणि मग काय ती शिवी दे.

रिका

*

होमेब,
१३ फेब्रुवारी

रिका,

येतो. माझ्या डोळ्यांना मोडका चष्मासुद्धा लागत नाही. तुझ्या त्या मालकाला सांग, उन्हाळ्यातला सरडा कसा शोधतात ते बघायचं असेल तर वही घेऊन बस.

मी लाल होत नाही. आपोलोनिया खोटं सांगेल.

मामा

(झाला होता. बाकी मी काही लिहीत नाही, मी शब्द दिलेला आहे. एवढंच कर की तो गाडीतून उतरताना तू जवळ उभी राहा. का ते विचारू नकोस. त्याच्यासाठी उकडलेली अंडी दिली आहेत, तो सांगेल की कोंबडीने स्वतः दिली.)

*

स्वाकोपमुंड,
२० फेब्रुवारी, रविवार

आदरणीय टानी आपोलोनिया,

हे पत्र फक्त तुम्हाला आहे. मामा माझ्या खोलीत खाटेवर झोपला आहे, दुपारची जेवणं होऊन. कालचा दिवस मी तुम्हाला पहिल्यापासून सांगते, मग तुम्हाला एक प्रश्न विचारायचा आहे.

मामा लग्नाकार्यात घालायचा कोट आणि हॅट घालून आला. गाडीत मागे फिनलंडचं एक जोडपं होतं, आणि गोबाबिसच्या तीन नन. चर्चच्या सोडतीत त्यांना ही सहल लागली होती. त्यातल्या सिस्टर एमेरेन्शिया चौऱ्याहत्तरच्या, आवाज असा की धुक्यात जहाजांना उपयोग व्हावा. मामा पुढे बसला आणि निघाल्या निघाल्या मागे वळून म्हणाला, "हिला मी शिकवलं. काही चुकलं तर मला विचारा." हार्टमुट दुसऱ्या गाडीने आमच्या मागे होता. माझी शेवटची पारख कालच होती, हे मी मामाला सांगितलं नव्हतं.

पहिल्या थांब्यावर, खारट पानांच्या झुडपांत, मी म्हटलं, इथे सरडा असतो, बघू या कुणाला आधी दिसतो. मामा ताबडतोब हात लांब करून ओरडला, "तो काय!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फिनलंडच्या गृहस्थांनी सहा फोटो काढले. टानी, ती वाळकी फांदी होती. मला वाटलं मामा चेष्टा करतोय. मी हसले आणि म्हटलं, "हा मामाचा सरडा. आता माझा बघा." खरा सरडा दोन झुडपं पलीकडे होता, अर्धं अंग काळं, अर्धं पांढुरकं, उन्हाकडची बाजू तापवत बसलेला. मी भुंगा पुढे टाकला, आणि त्याची जीभ सुटली तशा तिघी नन एकदम मागे सरकल्या आणि एकमेकींच्या पायांवर पडल्या. मामा सगळ्यात जोरात हसला. पण तो सरड्याकडे बघत नव्हता, नन जिथे ओरडल्या तिकडे बघत होता. मी ते पाहिलं, आणि तरी मला कळलं नाही.

मग पाल. मी तिची गोष्ट सांगितली, तिला हातावर घेतलं. मामा म्हणाला, "इकडे दे." तिला तळहातावर ठेवून त्याने हात कानाशी नेला, आणि डोळे मिटून म्हणाला, "मादी आहे. पोटात अंडी आहेत, जड लागते." बघितलं तर खरंच, दोन पांढरी अंडी कातडीतून दिसत होती. हार्टमुटने मागून मान डोलावली. मी इतकी खूश झाले की बाकी सगळं विसरले.

आणि मग साप.

आम्ही टेकडीच्या पायथ्याला गवताच्या झुबक्याजवळ उतरलो होतो. मामा नन मंडळींना चौपन्न सालच्या पुराची गोष्ट सांगत होता, कोट उघडा, हॅट मागे. मी सहज खाली पाहिलं. त्याच्या डाव्या बुटापासून चार बोटांवर वाळूत दोन डोळे होते. फक्त डोळे, आणि बोटभर पलीकडे शेपटीचं काळं टोक.

मी हळूच म्हटलं, "मामा, हलू नकोस."

"का? गोष्ट अर्धी आहे."

"डाव्या बुटापाशी साप आहे, आडवा सरपटणारा, विषारी."

मामाने खाली पाहिलं. अगदी नेमकं त्याच्यावर पाहिलं. आणि विचारलं, "कुठे?"

टानी, मी आठ वर्षांची असताना ह्याच माणसाने मला वीस पावलांवरून असे डोळे दाखवले होते, आणि मला दिसेपर्यंत जेवायला जाऊ दिलं नव्हतं.

मी त्याचा पट्टा मागून धरला आणि ओढला. तो माझ्या अंगावर पडला, मी सिस्टर एमेरेन्शियांच्या अंगावर, आणि साप वाळूतून सुटून टेकडीवर निघाला, आडवा, एकेक वेटोळं टाकत, मागे शिडीसारख्या रेघा सोडत. इतका सुंदर मी अजून पाहिला नव्हता. खाली पडल्या पडल्या सिस्टर ओरडत होत्या, "गेला! वर गेला! बघा कसा नाचतोय!" कुणाला काही लागलं नाही. कुणी घाबरलंसुद्धा नाही, टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. मामाही हसत होता, आणि हसताना त्याचा हात माझा खांदा शोधत होता.

बाकीच्यांना मी उंच टेकडीवर चढवलं. मामाला हात धरून नेलं आणि त्याने धरू दिला. वर बसल्यावर मी विचारलं, "कधीपासून?"

"मागच्या हंगामापासून. उजवा आधी गेला. डाव्याने उजेड दिसतो, माणसं ढगासारखी दिसतात. तू ढग म्हणून बरी दिसतेस."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू घरी आली असतीस."

मी चिडले. म्हटलं, "पत्रात तर घरी ये, घरी ये म्हणून शिव्या देत होतास!"

तो म्हणाला, "शिव्या देऊन बोलावलं की तू येत नाहीस. गोडीत बोलावलं असतं तर दुसऱ्या दिवशी पिकअपमधून उतरली असतीस. मी तुला ओळखतो की नाही?"

महिनाभर मी त्याला हट्टी म्हातारा म्हणत होते.

सिस्टर एमेरेन्शिया शेजारीच बसल्या होत्या आणि त्यांना सगळं ऐकू आलं होतं. त्या म्हणाल्या, "मोतीबिंदू आहे, दुसरं काही नाही. माझ्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. साप आधी कुणाला दिसला? हिला. आणि सकाळी वाटेत तो पांढरा कोळी आधी कुणाला दिसला? मला."

मामा म्हणाला, "ते डोळा बाहेर काढून बशीत ठेवतात. मला माहीत आहे."

"बशीत? मी जागी होते, येफ्ता. बशी असती तर मला दिसली असती."

ह्यावर मामाने हॅट पुढे ओढून घेतली.

मग आम्ही घसरलो. उताराच्या बाजूने, बसून, सगळे एकदम, म्हणजे वाळू गुरगुरते. तिघी नन झगे गुंडाळून, फिनलंडचं जोडपं, मी, आणि मध्ये मामा लग्नाच्या कोटात. निम्म्यात टेकडी बोलायला लागली, तो खोल आवाज, पोटात जाणवतो तो. मामा थांबला आणि दोन्ही तळहात वाळूवर ठेवून ऐकत राहिला. मग म्हणाला, "परत." आम्ही तीनदा चढलो. हार्टमुटसुद्धा घसरला आणि त्याची पेन्सिल हरवली. संध्याकाळी त्याने मला सांगितलं, एक मार्चपासून पक्की नोकरी. "आणि मामा पुढच्या शनिवारी मोकळा आहे का?"

आता प्रश्न. टानी, तुम्हाला माहीत होतं ना?

रिका

*

होमेब,
२७ फेब्रुवारी

बाळ रिका,

होतं.

त्याने माझ्याकडून बायबलवर हात ठेवून शब्द घेतला होता. म्हणून मी कॉफीचं लिहिलं, सदऱ्याचं लिहिलं, दाराचं लिहिलं. म्हटलं पोरगी हुशार आहे, ओळखेल. तू काय ओळखलंस, तर प्रेम! ते पत्र मी त्याला मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा मला स्वतःला पळून जावंसं वाटलं.

तुला हेही सांगते. ह्या हंगामात त्याने एकही फळ सोडलेलं नाही. हाताने चाचपून, काट्यांतून, गाढवगाडीचा दोर कमरेला बांधून. मी पुढे चालायचे आणि आवाज द्यायचे. झुडपं कुणालाही दिलेली नाहीत. तो वाकडा चुलतभाऊ चार वर्षांपूर्वीच केपटाउनला गेला.

आता त्याला सोडू नकोस. इथे परत आला तर मनात पुन्हा बशी येईल. डोळ्यांचे डॉक्टर वॉल्विस बेच्या दवाखान्यात महिन्यातून एकदा येतात असं शाळेच्या ड्रायव्हरने सांगितलं. त्याची शेळी व्याली आहे हे त्याला सांग, दोन करडं, दोन्ही धड. मी बघते आहे. काही काळजी नाही म्हणावं.

त्याला कांदा कच्चा आवडत नाही, आवडतो म्हणतो.

आपोलोनिया

*

वॉल्विस बे,
१७ मार्च

टानी,

घाईत लिहिते, ड्रायव्हर उभा आहे. काल सकाळी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आत जाताना मामाने नर्सला विचारलं, "बश्या कुठे ठेवता?" आज पट्टी काढली. पहिल्यांदा त्याने स्वतःचे हात पाहिले, उलटे, सुलटे. मग मला पाहिलं, आणि पाहतच राहिला. मी रडायच्या बेतात होते तेवढ्यात म्हणाला, "तुझं नाक तुझ्या बापाचंच आहे अजून. मला वाटलं होतं सुधारेल."

डावा डोळा जूनमध्ये. पंधरा दिवस थेंब घालायचे, वाळूत जायचं नाही, वाकायचं नाही. रविवारी त्याला पाठवते. हे नियम तुम्हीच पाळून घ्या, माझं तो ऐकत नाही.

रिका

*

होमेब,
३ एप्रिल

रिका,

हे मी स्वतः लिहितो आहे. ओळ वर जाते ती जाऊ दे, हाताला सवय राहिली नाही.

इथे आल्यापासून मला दारात बसवून ठेवलं होतं. आपोलोनिया थेंब घालायची आणि मी हललो की म्हणायची, "वसतिगृहात तुझ्यासारख्या साठ जणी होत्या, त्या वळल्या." काल पंधरा दिवस पुरे झाले. सकाळी ऊन चढायच्या आत मी म्हटलं, चल, टेकडीपर्यंत जाऊ. नदीचं पात्र ओलांडलं, बाभळींच्या शेंगा पडल्या होत्या, आणि पलीकडे वाळू अगदी कोरी होती, रात्री वारा झालेला.

पोरी, मला सगळं वाचता येत होतं. भुंगा एका बाजूने आला, त्याच्या पायांची शिवण. वर मध्येच थांबून डोकं खाली घालून उभा राहिला होता, पाठीवर धुकं धरायला. मग सरडा, घाईत, शेपटी न टेकवता. मग एका ठिकाणी दोन पंखांचे ठसे आणि सरड्याच्या खुणा संपल्या. मी ते आपोलोनियाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बिचारा. मी म्हटलं, पक्ष्याला पण पोरं असतील. इतके महिने ती मला वाचून दाखवत होती, काल मी तिला वाचून दाखवलं.

वर जाऊन बसलो आणि मी मागे वळून पाहिलं. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या खुणा वाचल्या, स्वतःच्या कधी पाहिल्या नव्हत्या. डावा पाय ओढतो मी. म्हाताऱ्याची चाल आहे. टाच आत पडते. आणि त्याच्या शेजारी तिची पावलं होती, लहान, सरळ. मी जिथे अडखळलो होतो तिथे ती थांबली होती. मी चुकून तिरपा गेलो होतो तिथे तीही तिरपी गेली होती, काही न बोलता. नदीपासून वरपर्यंत दोन हातांच्या पलीकडे कुठेही गेली नव्हती.

एवढं स्पष्ट लिहिलेलं असल्यावर मी काय करणार? विचारलं.

मी सदुसष्टचा, ती चौसष्टची. तिचा नवरा चांगला माणूस होता, मी त्याच्याबरोबर मासे धरले आहेत. हे सगळं मी तिला तिथेच सांगितलं. तिने झग्यावरची वाळू झटकली, उठली, आणि म्हणाली, "विचार करते. खाली चल, ऊन झालं."

तू जूनमध्ये मला दुसऱ्या डोळ्यासाठी नेशील तेव्हा दोन जागा धर, एक नको. आणि हार्टमुटला सांग, ऑगस्टमध्ये तुला आठवडाभर सुटी लागेल. ती विचार करते म्हणाली हे खरं, पण म्हणताना तोंड दुसरीकडे वळवून हसत होती. तिला वाटलं मला कळणार नाही.

मला दिसलं.

तुझा,
येफ्तामामा